छावणीचे गाळणे : उंची, वेळ आणि निवळ पाण्याचा भ्रम

प्रवासात अथवा छावणीत पाणी गाळून घेण्याच्या साधनांचा इतिहास हा बहुधा नगरांच्या जलपुरवठ्याच्या इतिहासाचे एक परिशिष्ट म्हणून सांगितला जातो. लंडनच्या चेल्सी जलसंस्थेसाठी जेम्स सिम्पसन ह्याने १८२९ मध्ये वाळूचे गाळणकुंड बांधले. तेच तत्त्व पुढे लहान आकारात घरात आणि घरातून तंबूत आले, अशी ही मांडणी असते. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. नगराजवळ दोन गोष्टी विपुल असतात : उंची आणि वेळ. कुंडात पाणी भरून ते वाळूच्या थरांतून सावकाश झिरपू देणे नगराला परवडते. वाटचाल करणाऱ्या सैन्याजवळ किंवा पांथस्थाजवळ ह्यांपैकी एकही नसते. असते ती फक्त तहान. म्हणून गुरुत्वाकर्षणावर चालणारे गाळणे छावणीत उभे करणे हा केवळ आरोग्यशास्त्राचा प्रश्न नव्हता. जंतू अडविण्याइतके सूक्ष्म छिद्र आणि तहानलेल्या माणसाला थांबता येईल इतका अल्प वेळ ह्यांचा मेळ घालण्याचा तो प्रश्न होता, आणि तो सुटेपर्यंत फार मोठी किंमत मोजावी लागली.

ह्या प्रश्नाचे गणित आरी दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने दिझाँ नगराच्या कारंज्यांविषयी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडून ठेवले होते. वाळूच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण हे थराच्या वरच्या व खालच्या पातळ्यांतील उंचीच्या फरकाच्या आणि थराच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्याने प्रयोगांनी दाखविले. द्रव्य जितके सूक्ष्मरंध्री, तितका प्रवाह मंद, हेही त्यातच आले. आता छावणीतील परिस्थिती पाहावी. झाडाच्या फांदीला भांडे टांगले तरी दोन भांड्यांतील अंतर पुरुषभर उंचीपलीकडे जात नाही. आणि एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब वातावरणीय दाबाच्या जेमतेम एक-दशांश भरतो. एवढ्या तुटपुंज्या दाबावर पाणी भराभर यावयाचे तर छिद्रे मोठी ठेवावी लागतात, आणि छिद्रे मोठी ठेवली म्हणजे गाळ अडतो, जंतू अडत नाहीत.

जंतूंची कल्पनाच नव्हती तोपर्यंत ह्या उणिवेचा कोणास बोध होण्याचे कारण नव्हते. पाणी निवळ दिसले की ते शुद्ध झाले, अशी समजूत सार्वत्रिक होती. आपल्याकडील सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात पाण्याचा गढूळपणा घालविणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी अग्रभागी असून वस्त्राचाही समावेश आहे. मात्र त्याच अध्यायात पाणी उकळणे, उन्हात तापविणे आणि त्यात तापलेला लोहगोळा बुडविणे हे उपाय वेगळे सांगितलेले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निवळणे आणि दोष घालविणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, ही जाणीव तेथे निदान बीजरूपाने दिसते. निवळीचे बी मडक्याच्या आतील बाजूस उगाळले असता गाळाचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. तुरटीचे कार्यही तत्त्वतः हेच. गाळाबरोबर जंतूंचाही काही अंश खाली बसतो, परंतु सगळे नव्हेत.

कापडाच्या गाळण्यालाही अगदीच निरुपयोगी म्हणून चालणार नाही. बांगलादेशातील मतलब विभागात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जुन्या साडीचे कापड निदान चारपदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. कापडातून सुटा पटकीजंतू सहज निसटतो. पण तो पाण्यातील ज्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो ते प्राणी कापडात अडकतात. विषमज्वराच्या जंतूला असे वाहन लागत नाही, हा भेद पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कोळशाच्या गाळणयंत्रांचा मोठाच बोलबाला झाला. हाडांच्या कोळशातून उतरलेले पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि चवीला गोड लागे. ह्या प्रतिष्ठेला पहिला धक्का पर्सी फ्रँकलंड ह्याने १८८५ मध्ये दिला. रॉबर्ट कॉख ह्याच्या जिलेटिनवरील जंतुगणनेच्या नव्या पद्धतीने त्याने गाळणद्रव्ये तपासली. ताजा कोळसा प्रारंभी जंतू उत्तम प्रकारे अडवितो. परंतु काही आठवडे वापरल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू उलट वाढलेले असतात, असे त्यास आढळले. गाळणे हेच जंतूंचे पोषणस्थान बनत होते. १८९४ मध्ये सिम्स वुडहेड आणि कार्टराइट वुड ह्यांनी बाजारातील गाळणयंत्रांची तुलनात्मक परीक्षा केली, तेव्हा त्यांतील बहुतेक यंत्रे रोगजंतूंपासून संरक्षण देण्यास असमर्थ ठरली.

ह्या परीक्षेत जे टिकले ते पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ ह्याने १८८४ मध्ये सिद्ध केलेले चिनी मातीचे झिलई नसलेले नळकांडे. त्यातून जंतू जात नसत. पण पाणीही जवळजवळ जात नसे. नळाच्या दाबावर ते चाले, टांगलेल्या भांड्याखाली ते थेंबथेंब पाझरे. जर्मनीत विल्हेल्म बेर्केफेल्ड ह्याने १८९१ च्या सुमारास दुसरा मार्ग काढला. ल्यूनेबुर्गच्या माळरानात डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिकतामय कवचांची माती विपुल सापडते. ती भाजून त्याने पोकळ कँडल बनविली. पाणी बाहेरून आत शिरते, मळ बाह्य पृष्ठावर राहतो आणि तो घासून काढता येतो. प्रवाह शांबरलाँच्या नळकांड्याहून पुष्कळ अधिक. पुढच्याच वर्षी हांबुर्ग येथे पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली. एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरविणारे हांबुर्ग उद्ध्वस्त झाले, तर शेजारीच असलेले आणि त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून पुरविणारे आल्टोना बहुतांशी वाचले. अशा वेळी बेर्केफेल्डच्या कँडलला कीर्ती मिळाली ह्यात नवल नाही.

ही कँडल घेऊन ब्रिटिश सेना १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात उतरली. छावणीतील अल्प उंचीवर गुरुत्वाने पुरेसा प्रवाह मिळणार नाही हे ओळखून तिला हातपंपाची जोड देण्यात आली होती. उंचीची उणीव माणसाच्या स्नायूंनी भरून काढावयाची, असा हा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. प्रत्यक्षात तेथील नद्यांचे चिखलाळ पाणी कँडलवर घेतले की थोड्याच वेळात तिच्या पृष्ठावर चिखलाचे लिंपण बसे. पंप जोराने मारावा तर कँडल तडकण्याचा संभव, आणि केसासारखी तड डोळ्यांना दिसत नाही. पाणी निवळच उतरते. दिवसभर उन्हात चाललेली पलटण नदीकाठी पोचली म्हणजे पंपाभोवती रांग धरून उभी राहील, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नव्हती. शिपाई सरळ नदीत उतरून पाणी पीत. पाणी उकळण्याचा हुकूम असे. परंतु झाडझाडोरा नसलेल्या त्या गवताळ पठारावर जळण कोठून आणावयाचे, ह्याचे उत्तर हुकुमात नसे.

फेब्रुवारी १९०० मध्ये मॉडर नदीच्या काठी पार्डेबर्ग येथे सेनापती क्रॉन्ये ह्याच्या बोअर सैन्याला वेढा पडला. दहा दिवसांच्या तोफमाऱ्यात मेलेले घोडे व बैल नदीत पडून कुजत होते, आणि वेढा घालणारे सैन्य त्याच नदीचे पाणी पीत होते. मेलेल्या जनावरांमुळे विषमज्वर होत नाही; तो माणसाच्या मैल्यातून येतो. म्हणून इतिहासग्रंथांतून ज्या मृत घोड्यांचे वर्णन वारंवार येते, ते रोगाचे खरे कारण नव्हेत. खरे कारण हे की, हजारो माणसांची दाटीची छावणी, तिचे शौचकूप आणि तिचे पाणी ही एकाच काठावर होती. २७ फेब्रुवारीस क्रॉन्ये शरण आला. १३ मार्चला लॉर्ड रॉबर्ट्स ह्याने ब्लूमफाँटेन घेतले. विषमज्वराचा जंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होण्यास एक ते तीन आठवडे लागतात. सैन्याने विजयी प्रवेश केला तेव्हा साथ त्याच्या रक्तात अगोदरच होती.

त्यातच ३१ मार्चला बोअर सेनानी द वेट ह्याने सुमारे वीस मैलांवरील सॅनाज पोस्ट येथील जलकेंद्र काबीज केले आणि ब्लूमफाँटेनचा नळाचा पुरवठा तुटला. तीस हजारांहून अधिक सैन्य गावातील जुन्या विहिरींवर येऊन पडले. लँगमन रुग्णालयात काम करण्यास आलेल्या आर्थर कॉनन डॉयल ह्याने ह्या साथीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते त्याच्या कोणत्याही कथेपेक्षा भयंकर आहे. संपूर्ण युद्धात ब्रिटिश सैन्यात विषमज्वराने सुमारे ८,००० मृत्यू झाले. एकूण २२,००० च्या आसपास मृत्यूंपैकी बहुसंख्य रोगांमुळे झालेले होते. ऑल्मरॉथ राइट ह्याची प्रतिबंधक लस उपलब्ध होती, पण ती ऐच्छिक असल्यामुळे फारच थोड्यांनी टोचून घेतली. ह्या अनर्थाचा दोष गाळणयंत्रावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ते बरोबर असूनही कामास आले नाही, एवढे मात्र खरे.

ह्या अनुभवातून सेनावैद्यकाने काढलेला निष्कर्ष असा की, छावणीत जंतू गाळून काढण्याच्या भरीस पडू नये. गाळ काढावा आणि जंतू मारावे. पहिल्या महायुद्धात तुरटीने निवळविलेल्या पाण्यात विरंजक चूर्ण घालण्याची पद्धती रूढ झाली. मेसोपोटेमियात तीही वेळेवर पुरेशी पोचली नाही. टायग्रिसचे गढूळ पाणी पिऊन लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणीही होत्या, आणि १९१६ मध्ये त्या आघाडीवर पटकी उद्भवली. अमेरिकन सेनेत मेजर विल्यम लिस्टर ह्याच्या नावाने ओळखली जाणारी कॅनव्हासची मोठी पिशवी आली : तिकाटण्याला टांगलेली, ३६ गॅलन मावणारी, खाली चहूबाजूंनी तोट्या असलेली. पाण्यात क्लोरीनचे चूर्ण टाकून अर्धा तास थांबावयाचे आणि तोट्यांखाली बाटल्या धरावयाच्या. आजच्या गिर्यारोहकाच्या टांगत्या पिशवीची हीच पूर्वज होय. फरक इतकाच की तिच्यात गाळणे नव्हते. गुरुत्वाकडे काम होते ते केवळ वाटपाचे.

गाळण्याची पुन्हा आठवण झाली ती दुसऱ्या महायुद्धात. उष्ण प्रदेशांतील आघाड्यांवर आमांशाच्या अमीबाची पुटी क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेने मरत नाही असे दिसून आले, आणि अमेरिकन सेनेने पुन्हा डायाटमी मातीची गाळणयंत्रे तयार करविली. १९७० नंतर अमेरिकेच्या डोंगराळ भागात पदयात्रींना जिआर्डिया ह्या परजीवीचा उपद्रव होऊ लागला. त्याची पुटीही थंड पाण्यात रसायनांना चिवटपणे दाद देत नाही. पण ती ८ ते १२ मायक्रॉन लांबीची असल्याने गाळण्यात हमखास अडकते.

तथापि दार्सीचे गणित अद्याप सुटलेले नव्हते. ते सुटले ते अनपेक्षित दिशेने. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तशुद्धीसाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत पोकळ तंतूंच्या पटलांवर काम झाले. शेवयांसारख्या बारीक नळ्यांचा जुडगा, प्रत्येक नळीची भिंत सच्छिद्र आणि अतिशय पातळ. उंची वाढविता येत नसेल तर क्षेत्रफळ वाढवावे आणि जाडी घटवावी, असे दार्सीचे सूत्र सांगतच होते. मुठीत मावणाऱ्या नळकांड्यात ते आता साध्य झाले. छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची, म्हणजे पटकी आणि विषमज्वर ह्या दोहोंच्या जंतूंना अटकाव करणारी. आणि तरीही फांदीला टांगलेल्या पिशवीतील पाणी काही मिनिटांत खालच्या पिशवीत उतरते. पंप गेला, रांग गेली. पिशवी टांगून माणूस चूल पेटविण्यास मोकळा झाला.

ह्या साधनाची मांडणी वरकरणी पोरखेळ वाटते. परंतु तिच्यातील प्रत्येक नियमामागे वरील इतिहासातील एखादा धडा आहे. नदीचे पाणी प्रथम फडक्यातून गाळावे किंवा भांड्यात निवू द्यावे, कारण चिखलाने तंतूही बेर्केफेल्डच्या कँडलप्रमाणेच लिंपले जातात. गढूळ पाण्याची पिशवी आणि स्वच्छ पाण्याची पिशवी ह्यांची कधीही अदलाबदल करू नये. नळीच्या टोकाला लागलेला कच्च्या पाण्याचा एक थेंब सर्व खटाटोप व्यर्थ करतो. प्रवाह अडला तर तो पुष्कळदा मळामुळे नव्हे, तर हवेमुळे अडलेला असतो. ओल्या झालेल्या सूक्ष्म छिद्रांतून हवा एवढ्या अल्प दाबाने पार होत नाही, आणि नळीत अडकलेला बुडबुडा बुचासारखा बसतो. अशा वेळी स्वच्छ पाण्याची पिशवी क्षणभर वर उचलावी, म्हणजे पाणी उलट वाहून हवा आणि मळ दोन्ही बाहेर पडतात. एक धोका मात्र नवीन आहे. तंतूंत राहिलेले पाणी गोठले तर त्यांच्या भिंती फाटतात, आणि ती फाट पाहून कळत नाही. पाणी पूर्वीसारखेच निवळ येत राहते. हिमप्रदेशात जाणारे जाणते लोक म्हणूनच रात्री गाळणे अंथरुणात घेऊन निजतात.

गाळण्याची मर्यादा कोठे आहे हेही गाळण्यांनीच शिकविले. १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की ह्याला तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबरलाँच्या गाळण्यातून उतरल्यावरही रोगकारकच आढळला, आणि १८९८ मध्ये लॉफ्लर व फ्रोश ह्यांना गुरांच्या लाळ-खुरकत रोगाविषयी तोच अनुभव आला. ह्या गाळण्यातून निसटणाऱ्यांनाच पुढे विषाणू हे नाव मिळाले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात मैलापाणी मिसळून दिल्लीत काविळीची जी साथ आली, तीत सुमारे २९,००० लोक आजारी पडले. ज्या विषाणूला आता हिपॅटायटिस ई म्हणतात, त्याची ती साथ होती असे मागाहून सिद्ध झाले. त्याचा व्यास ०.०३ मायक्रॉनच्या आसपास; पोकळ तंतूंच्या छिद्रांतून तो विनासायास पलीकडे जातो. त्यामुळे वस्तीच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी टांगत्या पिशवीतून कितीही निवळ उतरले, तरी ते उकळावे लागते किंवा त्यात क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे लागते.