घराणे कोणाच्या नावाचे?

इंग्रजी रंगभूमीचे अभ्यासक 'टेरी घराणे' असा उल्लेख सहजपणे करतात. एलन टेरी (१८४७–१९२८) ही त्या घराण्याची सर्वांत कीर्तिमान अभिनेत्री. तिची थोरली बहीण केट हीदेखील अभिनेत्री होती आणि विख्यात नट जॉन गिलगुड हे केटच्या मुलीचे पुत्र. आडनाव बदलले, तरी गिलगुड यांचा वारसा टेरी घराण्याचाच मानला गेला. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण त्या कामाला स्त्री मिळेना. रंगभूमीवरही वेगळी स्थिती नव्हती. आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान असलेले अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' नाटकातील मृणालिनी गाजवली ती केशवराव भोसल्यांनी. अशा काळात फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमला मोहिनी. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंसमोर मुलीला वाढवण्याचा प्रश्न होता. अभिनय हा त्यांच्यासाठी हौसेचा नव्हे, चरितार्थाचा मार्ग होता. प्रतिष्ठित समाज ज्या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहत होता, तो त्यांनी पत्करला.

पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. स्त्रीपार्टी नटांच्या युगात एका स्त्रीने पुरुषपात्र रंगवावे, हा काळावर उगवलेला सूडच म्हणावा लागेल! तरुण वयातच वैधव्य आले आणि आईची कहाणी लेकीच्या वाट्याला आली. रंगभूमीच्या आधारावर त्यांनी तीन मुलगे वाढवले. चंद्रकांत गोखले नट झाले, तर लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले यांना 'अनुमती'साठी २०१३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पणजीच्या पार्वतीला तेव्हा शंभर वर्षे होत होती.

या परंपरेला आपण 'गोखले घराणे' म्हणतो. व्यवहारात ते चुकीचे नाही; पण आडनाव पुरुषाकडून पुढे जाते आणि इतिहासही नकळत त्याच वाटेने चालू लागतो. मग वारसा चंद्रकांतांपासून मोजला जातो, फार तर कमलाबाईंपर्यंत पोहोचतो आणि ज्या स्त्रीने पहिले पाऊल टाकले, तिचे 'कामत' हे नाव तळटीपेत उरते.

रीना मोहन यांनी कमलाबाईंवर अनुबोधपट केला, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. पुढे त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज निदान जतन झाला. दुर्गाबाईंच्या वाट्याला तेवढेही आले नाही. वाङ्मयेतिहास शिकवताना आपण घराण्यांच्या वंशावळी फळ्यावर काढतो. त्या काढताना आरंभी कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न केवळ लेखनपद्धतीचा नाही. इतिहास कोणाच्या कष्टांवर उभा राहिला, याच्या कबुलीचा आहे.