प्रतिकृती-इंजिन : शांत चाल आणि ओढशक्ती

रेल्वेच्या खऱ्या इंजिनाचे आकारमान निश्चित प्रमाणात उतरवून बनविलेल्या आणि रुळांतून मिळणाऱ्या विजेवर धावणाऱ्या लहान इंजिनाने मंद व जलद अशा दोन्ही गतींत घरघर न करता, न अडखळता धावावे आणि मागची रेक चढावावरही चाके न घसरता ओढून न्यावी, यासाठी कराव्या लागणाऱ्या यांत्रिक तजविजींचा विचार या नोंदीत केला आहे. हे दोन गुण वेगवेगळे मानून एकासाठी तेल व दुसऱ्यासाठी शिसे असा उपचार करण्याचा प्रघात पडला असला, तरी दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे मोटरीपासून चाकापर्यंतच्या दंतचक्रांच्या मालिकेत असते. म्हणून आधी चाल शुद्ध करावी व मगच वजन वाढवावे, हा क्रम येथे पायाभूत मानला आहे. सदोष चालीच्या इंजिनावर वजन लादले असता प्रत्येक धारव्यावरील भार वाढतो, मोटर अधिक प्रवाह खेचते आणि मूळचा दोष नाहीसा न होता केवळ दृष्टीआड होतो.

प्रमाण : सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ हे होय, त्यात १:८७ हे गुणोत्तर असून रुळांमधील अंतर १६.५ मिमी. असते. एन प्रमाणात १:१६० व ९ मिमी.; ब्रिटनमधील ओओ हे १:७६ असूनही एचओच्याच रुळावर चालते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. असल्याने एचओत ती १९ मिमी.हून किंचित अधिक भरावयास हवी. परंतु तयार रूळ व तयार चाके १६.५ मिमी.चीच मिळत असल्यामुळे बहुतेक भारतीय हौशी कारागिरांनी ही तडजोड मान्य केली आहे. पुढील सर्व आकडे एचओ प्रमाणाचे आहेत.

चाल : इंजिनाच्या पोटातील मोटर सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते. जुन्या मोटरींच्या आर्मेचरला तीन ध्रुव असत, व मंद गतीत ध्रुवागणिक बसणारा हिसका रुळावरही दिसून येई; पाच ध्रुवांच्या, तिरकस खाचांच्या आर्मेचरने तो पुष्कळच कमी झाला, आणि लोखंडी गाभाच नसलेल्या मोटरींत तो जवळजवळ उरला नाही. मोटरीच्या आसावर पितळी फ्लायव्हील बसविल्याने रुळावरील एखाद्या मळकट जागी वीज क्षणभर खंडित झाली तरी चाल तुटत नाही. मात्र हे फ्लायव्हील मोटरीच्याच बाजूस हवे. कारण मळसूत्री दंडाचे, म्हणजे वर्मचे, दंतचक्र मोटरीकडून चाकाकडे गती देते, चाकाकडून मोटरीकडे सहसा देत नाही.

वर्म व त्याचे दंतचक्र यांचे गुणोत्तर हा या शास्त्रातील सर्वांत दुर्लक्षित विषय होय. भुसावळच्या शेडमध्ये दीर्घकाळ परिचित असलेल्या डब्ल्यूएजी-५ जातीच्या मालगाडीच्या विद्युत् इंजिनाचे चाक १,०९२ मिमी. व्यासाचे असते, प्रतिकृतीत ते साडेबारा मिमी. होते. ताशी ६० किमी. या प्रमाणबद्ध गतीला, म्हणजे सेकंदास सुमारे १९ सेंमी. धावताना, ते मिनिटाला सुमारे २९० फेरे घेते. गुणोत्तर १५:१ असल्यास मोटरीचे सुमारे ४,४०० व ३०:१ असल्यास सुमारे ८,७०० फेरे होतात. पहिल्या व्यवस्थेत जलद गतीचा आवाज कमी, परंतु यार्डातल्या शंटिंगला लागणाऱ्या ताशी ५ किमी.च्या गतीत मोटर मिनिटाला जेमतेम ३६५ फेरे घेत असल्याने ती अडखळते. दुसऱ्या व्यवस्थेत मंद चाल रेशमी, परंतु वरच्या गतीत मोटरीचा सूर चढा लागतो. मालगाडीच्या इंजिनास दुसरी व्यवस्थाच योग्य. खऱ्या डब्ल्यूएजी-५ मध्ये हे गुणोत्तर चारच्या आतबाहेर असते, ही गोष्ट केवळ तुलनेसाठी नमूद केली आहे. त्यावरून प्रतिकृतीविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही.

आवाजाची कारणे कानानेच शोधावी लागतात. इंजिन पुढे जाताना गुरगुरते व मागे जाताना शांत असते, अशी तक्रार असल्यास वर्मच्या आसाला लांबीच्या दिशेने असलेला सैलपणा, ज्याला कारागीर ‘प्ले’ म्हणतात, तो तपासावा. फ्लायव्हील दोन बोटांत धरून आस मागेपुढे ढकलला असता टिचकीसारखा बारीक ठोका लागला, की दोष सापडला. धारव्याशी पातळ वॉशर घालून हा प्ले कमी करावा. परंतु अजिबात नाहीसा करू नये, कारण आस जखडल्यास मोटर तापते. उतारावर इंजिन हिसके देत उतरते तेही याच कारणाने : मागच्या गाडीच्या रेट्यामुळे वर्मवरचा दाब वारंवार दिशा बदलतो व आस एका टोकाकडून दुसऱ्या टोकावर आदळत राहतो.

दोन दंतचक्रे किती घट्ट बसवावी याची कसोटी साधी आहे. दोहोंच्या दातांत वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद पट्टी घालून ती दाबून बसवावी, स्क्रू आवळावे व चक्र फिरवून पट्टी काढून घ्यावी. उरलेली फट पुरेशी होते. पट्टी चिरली गेली तर चक्रे फार घट्ट आहेत, आणि पट्टीवर दातांच्या खुणाच न उमटल्या तर फार सैल. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एकच ठोका ऐकू येत असेल तर आसावरील प्लॅस्टिकचे दंतचक्र तडकलेले असण्याचा संभव मोठा. जुन्या अमेरिकन बनावटीच्या इंजिनांत हा दोष विशेष आढळतो, व त्यावर चक्र बदलणे हाच उपाय, डिंक अगर गोंद नव्हे. मोटरीकडून बॉगीकडे, म्हणजे चाके बसविलेल्या फिरत्या चौकटीकडे, गती नेणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांच्या काटेजोडांची पाती एकाच पातळीत नसली तर वळणावर थरथर येते. हे सर्व दुरुस्त करूनही आवाज उरला तर तो बहुधा कवचाचा असतो : मोटर चौकटीवर स्क्रूने ताठ आवळलेली असल्यास तिचे कंपन पोकळ कवचात घुमते, आणि सिलिकॉनच्या मऊ थरावर मोटर बसविल्यास ते थांबते.

वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीत एक जादा अडचण असते. दोन्ही बाजूंच्या चाकांवरील खुंट्या परस्परांशी काटकोनात असाव्या लागतात. परंतु तो कोन अचूक नव्वद अंशांचा असण्यापेक्षा सर्व आसांवर तो सारखा असणे अधिक महत्त्वाचे होय. एका आसाने जरी फरक केला, तरी जोडदांडा अडतो व इंजिन लंगडत चालते.

नवे इंजिन दोन्ही दिशांना काही काळ भाराविना चालवून ‘मोकळे’ करावे, याविषयी दुमत नाही. दात घासून घेण्यासाठी दातांत दंतमंजनाची पेस्ट भरून इंजिन चालविण्याच्या उपायावर मात्र जाणकारांत एकमत नाही; पेस्टचा कण न कण धुऊन काढणे कठीण असते, एवढे येथे नोंदविणे पुरे. तेल प्लॅस्टिकला न खाणारे असावे आणि सुईच्या टोकावर राहील इतकेच द्यावे.

ओढ : इंजिनाची ओढ मोटरीच्या सामर्थ्यावर नव्हे, तर चालक चाकांवर पडणारे वजन व चाक-रुळांमधील पकड यांच्या गुणाकारावर ठरते. निकेल-सिल्व्हरच्या रुळावर धातूच्या चाकांची पकड वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी धरता येते. सुमारे ११८ टनांचे डब्ल्यूएजी-५ लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांत १:८७ लहान केले असता वजन १८० ग्रॅमच भरते. सर्वसाधारण एचओ इंजिन त्याच्या दुपटीहून जड असते, आणि तसे ते असावेच लागते.

अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन मुळात एक औंस व शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस असावे. बीसीएनए जातीची बंद वॅगन प्रतिकृतीत साडेसोळा सेंमी. भरते, तेव्हा तिचे वजन सुमारे १२० ग्रॅम येते. वीस वॅगनांची रेक २,४०० ग्रॅमची. सपाटीवर चाकांचा अवरोध वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका धरला तर रेक हलविण्यास ४८ ग्रॅम-भार लागतो. शंभरास एक चढाव असल्यास रेकेचे आणखी २४ व ४०० ग्रॅमच्या इंजिनाचे स्वतःचे ४, मिळून ७६. आणि २२ टक्के पकडीने हे इंजिन ८८ पर्यंत ओढू शकत असल्याने गाडी चढते. चाळीसास एक चढाव घेतला तर बेरीज ११८ वर जाते व चाके जागीच फिरू लागतात. अशा वेळी इंजिनात आणखी दीडशे ग्रॅम भरूनही काम भागत नाही, कारण वाढलेले वजन इंजिनाला स्वतःलाही चढवावे लागते. दोन इंजिने जोडणे हाच मार्ग, आणि खऱ्या रेल्वेनेही तोच स्वीकारला : मुंबईहून खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांना कसारा–इगतपुरी या ३७ स १ चढावाच्या थळ घाटात मागून बँकर इंजिने लावावी लागतात. वळणाचा अवरोध या हिशेबात धरलेला नाही.

वजन चालक चाकांच्या मध्यावर तोलले जावे. जागा थोडी असेल तेथे शिशाऐवजी टंगस्टन वापरावे. त्याची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट आहे. वजनाची कमाल मर्यादा ठरविण्याची कसोटी अशी की, इंजिन हाताने अडवून पूर्ण व्होल्टेज दिले असता चाके घसरली पाहिजेत. चाके न घसरता मोटरच थांबली तर वजन प्रमाणाबाहेर गेले असे समजावे व वीज तत्क्षणी बंद करावी, नाहीतर आर्मेचर जळते. चाकांवर रबरी कडी चढवून पकड वाढविण्याच्या पद्धतीचे समर्थक व विरोधक दोन्ही आहेत. कडीने ओढ वाढते, हे निर्विवाद. त्या चाकातून वीज घेता येत नाही व कडी झिजून चाल वाकडी होते, हेही तितकेच निर्विवाद. सहाही आस चालक असलेल्या इंजिनाला तिची गरज पडू नये.

खानदेश : जळगाव व धुळे जिल्ह्यांत या छंदाला अनुरूप असे अस्सल नमुने मुबलक आहेत. भुसावळ हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळापासूनचे मोठे जंक्शन. तेथील विद्युत् लोकोशेड, इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना आणि क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था यांमुळे खऱ्या इंजिनाची चाल कानाने ओळखणारी माणसे त्या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. प्रशिक्षणार्थींना सिग्नल व ब्लॉक-पद्धती शिकविण्यासाठी चालत्या गाड्यांची मॉडेल-रूम ठेवण्याची रेल्वेतील प्रथा जुनी असून तिचे प्रयोजन करमणुकीचे नव्हे. तेथे इंजिन ठरलेल्या जागी, सिग्नलापाशी, अचूक थांबावे लागते, आणि मंद गतीतील शुद्ध चालीशिवाय ते साधत नाही.

रावेर, सावदा या स्थानकांवरून उत्तरेकडे रवाना होणारी केळीची मालगाडी हा ओढीची परीक्षा पाहणारा नमुना होय. उलट, १९०० साली सुरू झालेल्या चाळीसगाव–धुळे शाखेवरील मोजक्या डब्यांची पॅसेंजर लहान खोलीतल्या मांडणीस सोयीची. सर्वांत कठीण नमुना पाचोरा–जामनेर या ७६२ मिमी. नॅरोगेज मार्गाचा. ही गेज १:८७ प्रमाणात पावणेनऊ मिमी. येते, म्हणून एन प्रमाणाचा ९ मिमी.चा तयार रूळ व त्यावरची चौकट तिला जवळजवळ तंतोतंत लागू पडते. परंतु एवढ्याशा कवचात मोटर बसविल्यावर वजनाला जागाच उरत नाही. तेथे ओढीचा हव्यास सोडून चार डब्यांवर समाधान मानावे. मूळ गाडीही फार लांब नसे.

हवामानाचा विचार परदेशी हस्तपुस्तिकांत सापडत नाही, म्हणून तो येथे विस्ताराने देणे अगत्याचे आहे. जळगाव–भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. हिवाळ्यातील पहाटेच्या मानाने फरक तीस अंशांहून अधिक पडतो. तीन मीटर सलग रूळ एवढ्या फरकाने सुमारे दीड मिमी. लांबतो, तेव्हा सांध्यांत फट न ठेवल्यास रूळ वाकतात व चालीचा दोष विनाकारण इंजिनाच्या माथी येतो. थंड देशांसाठी बनविलेले पातळ ग्रीस मे महिन्यात वितळून वर्मवरून निथळते आणि मोटरीच्या ब्रशांत जाते. येथे घट्ट ग्रीस, तेही दातांपुरतेच, वापरावे. काळ्या मातीची धूळ रुळावर बसते व तेलात मिसळून दात खाते. त्याहून त्रासदायक कापसाची तूस : जिनिंगच्या हंगामात ती हवेत असतेच, आणि चातीवर सूत भरावे तशी चाकामागच्या आसावर गुंडाळली जाते. चिमट्याने ती उलगडून काढताच पुष्कळदा ‘बिघडलेले’ इंजिन पूर्ववत चालू लागते. म्हणून या भागात मांडणीवर कापड झाकावे, पण ते सुती नसावे.

महाराष्ट्रातील संग्रह : पुण्यात कोथरूड भागात बाळकृष्ण शंकर तथा भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, त्यातील मांडणी एचओ प्रमाणाची असून अनेक गाड्या, सिग्नल व रस्ते यांचे नियंत्रण एकत्र चालते. लोकांसमोर वारंवार चालविल्या जाणाऱ्या इंजिनांची देखभाल हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

विद्युत् नियंत्रण : एकोणीसशे नव्वदच्या दशकापासून अंकीय आज्ञापद्धती रूढ झाली. या पद्धतीत मोटरीला तुटक स्पंदांनी वीज देताना स्पंदांची वारंवारता कमी असल्यास मोटर गुणगुणते. ती सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वर नेल्यास हा आवाज बहुतेकांस ऐकू येत नाही. मोटरीत उलट निर्माण होणारा दाब मोजून गती स्थिर राखण्याची सोयही या पद्धतीत असते. दंतचक्रांचे दोष तिने झाकले जातात, दुरुस्त होत नाहीत.

ध्वनियंत्र : इंजिनात लहान स्पीकर बसवून हॉर्न व ब्लोअरचे आवाज काढता येतात.

खऱ्या वाफेवरील प्रतिकृती : यांत वर्म नसतो; त्यांचे नियम निराळे.