दोन नळ्यांचं कोडं

जुन्या फोटोंतले पाणबुडे आठवतात? पाठीवर सिलिंडर, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेल्या दोन जाडजूड रबरी नळ्या. एकीतून श्वास येतो, दुसरीतून उच्छ्वास जातो. ठीक. पण उच्छ्वास तोंडापाशीच का नाही सोडून द्यायचा? त्याला पाठीपर्यंत परत न्यायचा खटाटोप कशाला?

उत्तर १९४३ सालात आहे. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोलची चणचण. एमिल गान्यां हा 'एर लिकिड' कंपनीतला इंजिनियर मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व बनवत होता. इंजिनाला हवा तेव्हा, हवा तेवढाच गॅस. नौदलातला झाक कुस्तो त्याच्याकडे आला. त्याला नेमकं हेच पाहिजे होतं, फक्त इंजिनाच्या जागी माणूस!

ऐन हिवाळ्यात कुस्तो मार्न नदीत उतरला. आडवा पोहताना सगळं झकास. उभा राहिला की हवा भसाभसा वाया. डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढेना. म्हणजे बघा, कोड तेच, पण माणूस वळला की आउटपुट वेगळं.

दोष व्हॉल्वमध्ये नव्हताच. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे १५ सेंटिमीटरला जेमतेम दीड टक्का. पण व्हॉल्वचा रबरी पडदा तेवढ्यानेही हलतो. पडदा पाठीवर आणि उच्छ्वासाचं तोंड वर, म्हणजे दोन्हीकडचा दाब वेगळा. उपाय सोपा: उच्छ्वासाचं तोंड पडद्याशेजारी आणून ठेवा. दुसरी नळी आली ती अशी. त्याच उन्हाळ्यात कुस्तो समुद्रात मनसोक्त फिरत होता.

पुढे १९५२ च्या सुमारास मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने उलटं केलं, पडदाच तोंडापाशी आणला. एक नळी गेली. नियम मात्र तोच राहिला, पडदा आणि उच्छ्वास शेजारी शेजारी.

आजही काही हौशी लोक ते जुने रेग्युलेटर दुरुस्त करून वापरतात. पितळी डबा सहसा शाबूत असतो, पण रबर कडक होऊन तडकलेलं. मग पडदा आणि बदकाच्या चोचीसारखा उच्छ्वासाचा व्हॉल्व सिलिकोनचा बसवायचा, नळ्या बदलायच्या, दाब मोजायचा. इथे 'चलता है' चालत नाही, कारण टेस्टिंग स्वतःच्या श्वासावर असतं. पालथं पोहताना श्वास किंचित जड जातो, उताणं झालं की हवा आपणहून येते. बुडबुडे मात्र डोक्यामागून निघतात, त्यामुळे समोर सगळं स्वच्छ दिसतं आणि कानाशी कलकलाट नाही. फोटो काढणारे यावरच फिदा.

मला यातली दुसरी नळी फार आवडते. आपल्याकडे जुना कोड साफ करताना 'हे कशाला ठेवलंय?' म्हणत आपण बिनधास्त ओळी उडवतो. एखादी ओळ कुणीतरी थंडगार नदीत उलटं लटकून शिकलेली असू शकते. उडवण्याआधी एकदा विचारायला काय हरकत आहे? :-)