गस्तीच्या गाडीतला पडदा

हैदराबादच्या तारनाका चौकात उभ्या असलेल्या पोलिसांच्या इनोव्हात टॅब आहे, याचं आता कोणाला नवल वाटत नाही. त्याचं कूळ मात्र शोधत गेलं तर अमेरिकेत पोहोचतं.

1928 मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाडीत रेडिओ बसवला. तो नुसता ऐकायचा. उत्तर द्यायचं तर शिपायाने कुठेतरी फोन गाठायचा. दुतर्फा बोलणं 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनला सुरू झालं. मग गाड्या वाढत गेल्या, पण एका वाहिनीवर एका वेळी बोलणार एकच. त्यातच 1967 मध्ये एफबीआयने चोरीच्या गाड्या आणि फरारी आरोपी संगणकावर नोंदवले, आणि जो तो गस्तवाला नंबरप्लेटची चौकशी करू लागला. कंट्रोल रूममधल्याने ती ऐकायची, टाइप करायची, उत्तर वाचून दाखवायचं. तोवर बाकीचे खोळंबलेले. हा मधला माणूस वगळायला 1970च्या दशकात कळफलक आणि छोटा पडदा थेट गाडीत आला. बोलायला अर्धं मिनिट लागे तो मजकूर क्षणात जाऊ लागला. पोलिसांचं बोलणं ऐकायला स्कॅनरला कान लावून बसणाऱ्यांची पंचाईत झाली, ती वेगळीच.

हैदराबादेत ही गोष्ट बरीच उशिरा आली, म्हणून ती वेगळ्या रूपात आली. 2014 मध्ये तेलंगण राज्य झालं आणि शहर पोलिसांना नव्या इनोव्हा मिळाल्या. तेव्हा आयुक्त होते महेंदर रेड्डी. गाडीत जीपीएस आणि टॅब आले. 2018 मध्ये ‘टीएसकॉप’ हे ॲप आलं, आणि गाडीतली माहिती शिपायाच्या खिशातल्या फोनवर गेली. अमेरिकेत डॅशबोर्डवर अर्धशतक घालवलेल्या यंत्राला इथे गाडीची गरजच फार काळ उरली नाही. दुचाकीवरच्या ‘ब्लू कोल्ट्स’ गस्तवाल्याला डॅशबोर्ड असतो कुठे?

महाराष्ट्रात मात्र 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या गाड्यांमधलं हेच यंत्र ‘एमडीटी’ (मोबाइल डेटा टर्मिनल) म्हणून ओळखलं जातं. कॉल आला की जवळच्या गाडीला तो पडद्यावर मिळतो. निघालो, पोहोचलो, काय कारवाई केली, सगळं त्यावरच भरायचं. बिनतारीवर ‘पोहोचतोय साहेब’ म्हटलं की भागत असे. आता गाडी कुठे होती ते जीपीएस सांगतो. माझ्या मते वेगापेक्षा ही नोंदच या यंत्राची खरी कमाई आहे, आणि ती तक्रारदाराला न मागता मिळायला हवी.