१.७ मीटरचा माणूस

ड्रॅगुनोव्ह रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला की खाली डावीकडे एक वाकडी रेघ दिसते. समोरच्याचे पाय आडव्या रेषेवर ठेवायचे आणि डोकं वक्ररेषेला कुठे टेकतं ते पाहायचं. आकडा ४ आला, तर माणूस ४०० मीटरवर. हिशेब १.७ मीटर उंचीचा, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढ्याच कुणाचातरी.

येवगेनी ड्रॅगुनोव्ह इझेव्स्कमध्ये स्पर्धांसाठीच्या रायफली बनवत. १९६३ साली सोव्हिएत सैन्याने त्यांची ही अर्धस्वयंचलित रायफल घेतली. काडतूस मात्र झारच्या काळातलं, मूळचं १८९१ चं! मॅगझिनमध्ये १० गोळ्या, दर गोळीला बोल्ट ओढणं नाही. कारण ती एकट्याने दबा धरणाऱ्यासाठी नव्हतीच. तुकडीसोबत धावत, कलाश्निकोव्हच्या टप्प्यापलीकडचं टिपणाऱ्या शिपायासाठी होती. म्हणून तर तिला संगीनही बसते.