इतवारी : नागपुरातील एका बाजारवस्तीचा इतिहास व भूगोल

नागपूरचा इतिहास बहुधा महालाच्या दिशेने लिहिला गेला आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नगर वसविले. पुढे चांदसुलतानाने आपली राजधानी येथे आणली आणि 1743 च्या सुमारास पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती सत्ता आली. हा क्रम सर्वश्रुतच आहे. परंतु राज्ये बदलूनही जी वस्ती आपल्या व्यवसायास चिकटून राहिली, तिचा विचार या क्रमात सहसा होत नाही. महालाच्या उत्तरेस असलेली इतवारी ही अशी वस्ती होय.

प्रथम नावाचा विचार करू. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावे कोणा राजाची वा सरदाराची नसून आठवडी बाजारांची आहेत. त्यातही ‘इतवार’ हे ‘आदित्यवार’ या शब्दाचे हिंदी मुलुखातील रूप आहे. पुण्यात त्याच दिवसाच्या पेठेस ‘रविवार’ हे नाव आहे. या बाजाराची भाषा केवळ मराठी नव्हती, उत्तरेकडील व पूर्वेकडील माणसांचाही येथे राबता होता, असे या नावावरून अनुमान करावयास जागा आहे.

या अनुमानास भूगोलाचा आधार मिळतो. मूळ नगर दक्षिणेकडील नाग नदी व उत्तरेकडील पिवळी नदी यांच्या दरम्यान वसलेले आहे. दोन्ही नद्या पूर्वेस वाहत जाऊन कन्हानेस मिळतात व कन्हान वैनगंगेस मिळते. पश्चिमेस सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत दख्खनच्या काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे; त्याच्या काळ्या मातीत कापूस व ज्वारी पिकते. पूर्वेस खडक बदलतो, माती बदलते आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची शेती व तलाव सुरू होतात. तात्पर्य, ज्वारी खाणारा व भात खाणारा असे दोन मुलूख नागपूरजवळ एकमेकांस भिडतात. जेथे दोन पिके भेटतात तेथे बाजार भरतो, हा सामान्य नियम येथेही लागू पडतो.

राजकारणाने याच भूगोलास बळ दिले. भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर पसरली आणि 1751 मध्ये ओरिसाही त्यांच्याकडे आला. नागपुराहून पूर्वेस जाणारा मार्ग त्यामुळे राज्याचा मार्ग झाला. 1803 मध्ये कटक गेले, 1853 मध्ये तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर राज्यही गेले. पण पूर्वेच्या धान्याची नागपुराकडील वाट मोडली नाही.

लोहमार्गाने तर ती पक्की केली. मुंबईकडील रेल्वे 1867 मध्ये नागपुरास पोहोचली, ती शहराच्या पश्चिम अंगास. पूर्वेकडील मार्ग 1882 पर्यंत राजनांदगावपर्यंत गेला आणि पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो हाती घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छिंदवाडा व नागभीड या दोन्ही अंगांच्या अरुंदमापी गाड्या इतवारी स्थानकात येऊ लागल्या. साताऱ्या-पुण्याची नव्हे, तर सातपुडा व झाडीपट्टी यांची खेडी या स्थानकाने बाजारास जोडली. दुसरीकडे, 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे यंत्राचे कापड आले व परिसरातील कोष्टी विणकरांच्या हातमागास स्पर्धा निर्माण झाली. बाजारास जे लाभदायक ठरले, ते बाजारातील प्रत्येकास लाभदायक ठरले असे म्हणता येत नाही.

आज हे चित्र पालटले आहे. शेतमालाचा ठोक व्यवहार मोठ्या प्रमाणावर पूर्वेकडील कळमना येथील बाजार समितीच्या आवारात गेला. छिंदवाड्याची अरुंदमापी गाडी 2015 मध्ये व नागभीडची 2019 मध्ये बंद झाली. सराफा, किराणा व कापड यांची दुकाने मात्र इतवारीत अजून गजबजलेली आहेत.

येथे संशोधकाचे कर्तव्य स्पष्ट होते. राजघराण्याचे कागद दप्तरखान्यात सुरक्षित राहतात. व्यापाऱ्याचे रोजमेळ व खतावण्या दुकान बदलताना रद्दीत जातात. कोणत्या गावचे धान कोणत्या भावाने आले, कोणत्या विणकरास कोणी किती उचल दिली, हे त्यांतच सापडण्याचा संभव आहे. जुन्या पेढ्यांतून असे कागद जेथे शिल्लक असतील तेथे ते पाहून त्यांची नोंद करणे, हे नागपूरच्या इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे काम होय. ते न झाल्यास या नगराचा इतिहास महालापुरता उरेल, आणि ज्या बाजाराने महालास पोसले त्याचे केवळ नाव राहील.