फुलं कुणी काढली?

आँरी फाँतँ-लातूर (१८३६–१९०४) या फ्रेंच चित्रकाराचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही. बागेतली फुलं खुडायची, पेल्यात किंवा टोपलीत मांडायची आणि कोमेजायच्या आत रंगवून टाकायची, हे त्यानं वर्षानुवर्षं केलं. इंग्लंडमध्ये ही चित्रं चांगली खपत. एका गुलाबालाच आज त्याचं नाव आहे. त्याची बायको व्हिक्तोरिया द्युबूर हीसुद्धा फुलंच रंगवायची, पण तिचं नाव कुणी पटकन घेत नाही.

फाँतँ अकरा वर्षांचा होता तेव्हा, १८४७ साली, इकडे पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत एक माणूस फुलं काढत बसला होता. ते काम त्याला दिलं डॉ. अलेक्झांडर गिब्सननं, ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश सर्जननं. गिब्सनची दुसरी बाग आमच्या जुन्नर तालुक्यात, हिवऱ्याला होती. तिथे औषधी झाडं लावत. मी आणे गावची. आमच्या पठारावर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, त्यामुळे घाट उतरल्यावर कधीकाळी अशी बाग होती याचा मला सरळ हेवा वाटतो.

१८५०पर्यंत दापोडीत दीडशेच्या वर चित्रं तयार झाली. त्यांत फुलदाणी नाही, टेबल नाही, मागचा अंधार नाही. कोऱ्या कागदावर फांदी, पानं, फूल. झाड नेमकं ओळखता आलं पाहिजे, एवढीच अट. म्हणून ही कला नव्हे, नुसती नोंद, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. फूल मान टाकायच्या आत रंग जुळवायची घाई दोघांनाही सारखीच होती.

गिब्सन १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८६१मध्ये डाल्झेलसोबत त्याचं ‘बॉम्बे फ्लोरा’ आलं. सह्याद्रीतल्या एका ऑर्किडच्या शास्त्रीय नावातही तो आहे. चित्रकाराबद्दल मात्र ‘पोर्तुगीज-भारतीय’ एवढंच उरलंय. म्हणजे बहुधा गोव्याकडचा. हेन्री नॉल्टी यांनी २००२मध्ये या चित्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तरी तो अनामच राहिला.

चित्रं आता एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. त्यांना ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणतात. गावाचं नाव, तेही इंग्रजांनी लिहिलं तसं.